उताराचे तास

चार महिने आमच्या घरात जेवायच्या टेबलावर कुणी जेवलं नव्हतं. त्यावर नकाशे पसरले होते. कोपरे उडू नयेत म्हणून एका टोकाला मिठाची बरणी, दुसऱ्या टोकाला माझ्या चष्म्याचा डबा, तिसऱ्याला खलबत्ता. मी जवळ गेले की नवरा म्हणायचा, "हलवू नकोस, मापं चाललीयेत." आम्ही मांडीवर ताट घेऊन सोफ्यावर जेवायचो. खांदेश्वरच्या आमच्या फ्लॅटचा हॉल तो केवढा, त्यात आल्प्स मावायचे तर माणसांनी अंग चोरूनच बसायला हवं. माझा पारा रोज थोडा थोडा चढत होता. पण मी गप्प होते, कारण हे सगळं माझ्यासाठीच चाललंय असं त्याचं म्हणणं होतं.

नवरा त्याच्या आदल्या वर्षी निवृत्त झाला. सगळी नोकरी त्याने हे नवं शहर कागदावर काढण्यात घालवली. टेकडीचे कंटूर, म्हणजे उंचीच्या रेषा, काढायच्या आणि मग ती कुठवर कापायची त्याची रेघ मारायची, हे त्याचं काम. निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळ घेऊन घरी आला, बूट न काढताच खुर्चीत बसला आणि म्हणाला, "आयुष्यभर डोंगर सपाट करायला हातभार लावला. आता एकदा कुणी न कापलेला डोंगर बघू दे." मला वाटलं, हिमालय म्हणेल. तो म्हणाला ऑस्ट्रिया.

हिमालय का नाही, ते त्याने सांगितलं नाही, पण मला कळलं. हिमालयात तंबूत झोपावं लागतं, रस्ता दोन-दोन दिवसांच्या वाटेवर असतो. आल्प्समध्ये अडीच हजार मीटरवरसुद्धा राहायला हट असतात. नावाला झोपड्या, पण असतात चांगली दोन मजली दगडी घरं. सकाळी एका हटमधून निघायचं, खिंड ओलांडायची, संध्याकाळी दुसरीत पोचायचं. गादी मिळते, गरम सूप मिळतं, फोन असतो. त्याला माझ्या पायासाठी पक्कं छप्पर हवं होतं.

कारण दोन वर्षांपूर्वी मी पडले होते. कर्जतच्या बाजूच्या एका किल्ल्यावरून उतरताना. कड्यावर नाही, कातळातल्या पायऱ्यांवर नाही. सगळं अवघड मागे टाकल्यावर, खालचं गाव दिसायला लागल्यावर, साध्या मुरमाड उतारावर. मी पळत उतरत होते. आमच्या ग्रुपमध्ये सगळेच पळत उतरायचे. डोक्यात साडेचारच्या एसटीचा विचार होता. मुरमावरून पाय सरकला, घोटा एका खोबणीत अडकून राहिला आणि बाकीची मी पुढे गेले. हाड मोडल्याचा आवाज मलाच ऐकू आला.

गावातल्या माणसांनी घोंगडी बांबूला बांधून झोळी केली आणि चौघांनी मला खाली आणलं. त्यातले एक बाबा माझ्याहून वीस वर्षांनी मोठे असतील, दर थोड्या अंतरावर खांदा बदलत होते. मी झोळीत पडून आभाळ बघत होते. दुखत तर होतंच, पण दुखण्याहून लाज जास्त होती. पंचवीस वर्षं डोंगरात फिरलेली बाई, आणि एका म्हाताऱ्या माणसाच्या खांद्यावर. त्या गावाला मी नंतर आभार मानायलासुद्धा गेले नाही. जाववलंच नाही.

घोट्यात पट्टी बसली, सहा स्क्रू बसले. डॉक्टर म्हणाले, आता खुशाल डोंगर चढा. चढायचा प्रश्न नव्हताच. चढायला मी आधीसारखीच होते. मला उतरता येईना. स्टेशनचा जिना उतरताना मी कठडा धरून, एका अंगाने, एकेक पायरी उतरायचे आणि मागून कुणीतरी म्हणायचं, "आंटी, जरा साइडला." एके काळी अशा माणसाला मी उलट फिरून चार शब्द सुनावले असते. आता साइडला व्हायचे.

तर हे सगळं ठाऊक असलेल्या माणसाने, माझ्या नवऱ्याने, पाच दिवसांचा बेत आखला. चार हट, त्यांत चार मुक्काम, तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी एकेक खिंड. चौथी हट त्याची खास. तिच्या खिडकीसमोर अख्खी हिमनदी पसरलेली दिसते म्हणे. तिचा फोटो त्याने फ्रिजवर लावला होता, वीजबिलाच्या शेजारी. एका रविवारी त्याने मोठ्या कौतुकाने वेळापत्रकाचा कागद माझ्या हातात दिला आणि चहा करायला आत गेला.

माझी नोकरी इथल्याच, बंदराजवळच्या द्रोणागिरीतल्या एका गोदामात. कुठली कंटेनरची गाडी कधी लागणार, कधी खाली होणार, कधी सुटणार, हे वेळापत्रक लावणं हे माझं काम. कागदावरचा खोटा आकडा मला लांबून दिसतो. तिसऱ्या दिवसापुढे लिहिलं होतं: चढ सहाशे मीटर, तीन तास. उतार अकराशे मीटर, दीड तास.

"हे दीड तास कुठून आले?" मी विचारलं.

"उतार आहे तो," आतून आवाज आला.

"अकराशे मीटरचा उतार. दीड तास?"

"चढाच्या निम्मा धरतो ना आपण."

धरतो ना आपण! माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण खरं सांगायचं तर तो खोटं बोलत नव्हता. आमची किल्लेवाल्यांची सवयच ती. पायथ्याच्या गावात उतरलं की पहिला प्रश्न, "मामा, वर जायला किती वेळ लागंल?" पंचवीस वर्षांत आमच्यापैकी एकानेही विचारलं नव्हतं की मामा, उतरायला किती लागेल. किल्ला चढला की मोहीम फत्ते. उतरणं म्हणजे घरी जाणं, त्याला कोण मोजतंय? मीही तसंच धरत आले होते, आणि म्हणूनच त्या मुरमावर पळत होते. पण किल्ला चढून आपण उतरतो ते आपल्याच गाडीकडे. तिथे खिंडीपलीकडे उतरायचं ते वेळेवर जेवणाला बसायला, आणि दुसऱ्या दिवशी परत निघायला.

तरीही मी भडकले. कप घेऊन तो बाहेर आला तेव्हा मी म्हटलं, "दोन वर्षं माझ्याबरोबर स्टेशनचा जिना उतरतोयस. मला तो उतरायला किती वेळ लागतो, मोजलंयस कधी?"

तो कप हातात घेऊन उभाच राहिला. "मोजलाय," तो म्हणाला. "पण खरं लिहिलं असतं तर तू आलीच नसतीस."

मी चहा घेतला आणि गॅलरीत जाऊन बसले. त्याने मोजलं होतं. मी कठड्याला धरून उतरत होते आणि तो माझ्यापुढे दोन पायऱ्यांवर, पाठ करून, घड्याळाकडे बघत होता. मला रागही आला आणि रडूही.

त्या संध्याकाळी मी त्या हट्सचे नियम पहिल्यांदा नीट वाचले. बूट दारात काढायचे, आतली चप्पल वेगळी. चादरीची शिवलेली पिशवी स्वतःची आणायची. जेवण साडेसहाला. पुढच्या मुक्कामाचं नाव वहीत लिहून जायचं, आणि लिहून न पोचलात तर माणसं शोधायला निघतील. हे शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. पडायची भीती होतीच, पण माझं खरं अडलं ते इथे. पुन्हा कुणीतरी माझ्यासाठी घोंगडी आणि बांबू घेऊन निघणार!

मी आत आले आणि म्हटलं, "मी येते. पण माझ्या अटीवर. तिसऱ्या दिवशी उताराला पाच तास लिही. आणि तिसऱ्या हटपर्यंत रस्ता येतो, बस आहे. चौथ्या दिवशी मी बसने खाली जाणार. तुझी ती हिमनदीवाली हट, तिथे एकाच माणसाची जागा घे. तू जा, बघून ये. मी खाली गावात थांबते."

"एकट्याने बघून काय करू?" तो म्हणाला.

"फोटो काढ."

लॅपटॉप उघडून त्याने माझ्यासमोर चौथ्या हटमध्ये एक जागा घेतली. मग टेबलावरचे नकाशे गुंडाळले आणि आम्ही बऱ्याच दिवसांनी टेबलावर जेवलो. मला वाटलं होतं की बरं वाटेल. नाही वाटलं.

तयारी मात्र सुरू झाली. आमची बिल्डिंग बारा मजली. मी रोज ऑफिसहून आल्यावर सॅकमध्ये सात किलो बटाटे भरून जिन्याने बाराव्या मजल्यापर्यंत चढायचे आणि कठडा धरून, एका अंगाने खाली यायचे. पहिल्या आठवड्यात वॉचमन रोज धावत यायचा, "मॅडम, लिफ्ट चालू है." पाचव्या मजल्यावरच्या वहिनींनी सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं की लिफ्टचं काय टेन्शन झालंय का. मग सगळ्यांना सवय झाली. चढायला माझा वेळ कमी होत गेला. उतरायला पहिल्या दिवशी जेवढा लागला तेवढाच तीन आठवड्यांनंतरही लागत होता. शेवटी एके दिवशी सॅक उघडली तर बटाट्यांना मोड आलेले.

बटाट्यांना आमच्याकडे तोटा नाही. माझा थोरला भाऊ वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. मी शाळेत होते तेव्हा दादा गावाहून मुंबईला आला, पाठीवर गोण्या घेतल्या आणि त्याच पाठीवर आम्हा भावंडांची शिक्षणं झाली. आता साठीला आलाय, टोळीचा मुकादम आहे, स्वतः क्वचित गोणी उचलतो. त्या शनिवारी मी नवे बटाटे आणायला त्याच्याकडे गेले. दुपार झाली होती, गाड्या खाली होऊन गेल्या होत्या, माणसं गोण्यांवर पाय पसरून चहा पीत होती.

मी कशासाठी बटाटे नेते ते ऐकून दादा हसत सुटला. "पाठीवर बटाटं घिऊन जिनं चढतीयास? आगं, आमी त्याचं पैसं घेतो!"

सगळी टोळी हसली. मीही हसले, आणि गाळ्याच्या ओट्यावरून खाली उतरले. तीन पायऱ्या होत्या. खांबाला धरून, एका अंगाने.

दादाचं हसू थांबलं. "पाय अजून दुखतोय?"

"नाही."

"मंग भ्यातीयास."

दोन वर्षांत हे मला कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं. नवरा 'जप' म्हणायचा. डॉक्टर 'आत्मविश्वास वाढवा' म्हणायचे. मैत्रिणी विषय बदलायच्या. दादाने सरळ सांगितलं आणि मला एकदम हलकं वाटलं. मी म्हटलं, "हो. भिते."

"ये हिकडं."

बाजूला एक रिकामा ट्रक उभा होता. मागच्या बाजूने जमिनीपर्यंत फळी लावलेली, हातभर रुंद. ह्याच फळीवरून हे लोक पाठीवर गोणी घेऊन वरखाली करतात. दादाने अर्ध्या गोणीत पंधराएक किलो बटाटे भरले, माझ्या पाठीवर दिले आणि म्हणाला, "चढ."

चढले. काहीच वाटलं नाही. वर जाऊन वळले आणि पाय फळीला चिकटले. फळी केवढीशी, उंची जेमतेम माझ्या छातीएवढी. पण मी एक हात लांब केला.

"दादा, हात दे."

"न्हाई देणार. हात दिला की तू हाताकडं बघशील." तो बाजूला उभा राहिला, कमरेवर हात ठेवून. "ऐक. तू मागं झुकतीयास. भ्यालेलं मानूस मागंच झुकतंय. आन मागं झुकलं की टाच सुटती. बोजा पाठीवर हाय न्हवं? त्येच्यावर भरवसा ठेव. वजन फुडं घे, त्योच पाय दाबून धरतोय. आन पाय टाकायचा न्हाई. पाय ठिवायचा. ठिवला की मंग त्येच्यावर जायाचं."

मी एक पाय ठेवला. मागे झुकले. टाच खरंच सुटली आणि मी फळीवर बसले, गोणीसकट. कुणी हसलं नाही. एक जण उठून आला आणि चुपचाप फळीखाली एक दगड सारून गेला, हलू नये म्हणून.

"फुडं," दादा म्हणाला. "नाक फळीच्या म्होरं."

दुसऱ्यांदा मी पुढे झुकले. सगळं अंग नको नको म्हणत होतं. पाय ठेवला, त्यावर गेले. दुसरा ठेवला, त्यावर गेले. बटाट्यांचं वजन पाठीतून थेट तळपायात उतरलं आणि तळपाय फळीवर बसला. घोट्यातली पट्टी कुठे आहे ते मला त्या क्षणी आठवलंसुद्धा नाही. खाली पोचले तेव्हा दादा म्हणाला, "परत." किती वेळा परत म्हणाला ते मी मोजलं नाही. चहावाला आला, गेला. माझा शर्ट घामाने भिजला, केसात बटाट्याची माती. सगळे बघत होते आणि मला लाज वाटत नव्हती.

ओट्यावर बसून चहा पिताना मी विचारलं, "तू कधी पडलास का रे?"

"पडलो की. दोन डाव. दोनी डाव शेवटच्या पावलाला." त्याने बशीतला चहा फुंकला. "खाली आलो असं मनात आलं, की पडलाच समज."

मला मुरमाड उतार आठवला, आणि साडेचारची एसटी.

सोमवारी ऑफिसात डबा खायच्या सुट्टीत मी चौथ्या हटला ईमेल लिहिलं. माझ्या नवऱ्याने एक जागा घेतली आहे, त्याच रात्री आणखी एक मिळेल का. दोन दिवसांनी तीन ओळींचं उत्तर आलं. वरच्या मजल्यावरच्या लांबलचक सामाईक फळीवर झोपायला एक जागा आहे. तुमच्या नावे ठेवतो. आदल्या संध्याकाळपर्यंत नक्की कळवा, नाहीतर दुसऱ्याला देऊ.

नवऱ्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याला इतका आनंद झाला असता की मग मला माघार घेता आली नसती. मला माघारीची सोय हवी होती. बस होतीच. आता वरची जागाही होती. काय करायचं ते मी तिसऱ्या हटमध्ये पोचल्यावर ठरवणार होते, माझ्या पायाने तो उतार उतरून.

त्यानंतर दर रविवारी आम्ही खारघरच्या टेकडीवर गेलो. एकदा दादाही आला, हाफ पँट आणि रबरी चपलेत. वर पोचल्यावर चारी बाजूंना बघून म्हणाला, "दाजी, हितं माल तर काईच न्हाई. मंग कशापायी चढलो म्हनायचं?" दादासमोर मी नवऱ्याला 'अहो' म्हणते, एरवी 'अरे', ट्रेकमध्येच ओळख झाली आमची. त्या दिवशी मी म्हटलं, "अहो, तुम्ही पुढे व्हा, मी आणि दादा सावकाश येतो." नवरा पुढे गेला आणि खाली थांबला. मी कशालाही न धरता उतरून आले तेव्हा त्याने घड्याळ बघितलं, खिशातून कागद काढला आणि काहीतरी लिहिलं. आता तो उताराचा वेळ वेगळा लिहीत होता, खराखुरा. आमच्या घरात महत्त्वाच्या गोष्टी बहुतेक अशाच होतात.

आईच्या दोन जुन्या सुती साड्यांच्या मी चादरीच्या पिशव्या शिवल्या. खाकरे, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं घेतलं. जुलैच्या शेवटी गेलो.

पहिले दोन दिवस चढाचेच होते, त्यांचं मला विशेष काही आठवत नाही. गाईंच्या गळ्यातल्या घंटा आणि नवऱ्याचा आ वासलेला चेहरा, एवढंच. तिसऱ्या दिवशी सहा वाजता निघालो. नऊ वाजता खिंडीत. पलीकडे अकराशे मीटर खाली, खूप खाली, करड्या दगडांतून वाट नागमोडी जात होती आणि शेवटी काडेपेटीएवढी हट दिसत होती. मी बुटांच्या नाड्या पुन्हा घट्ट बांधल्या.

नवऱ्याने विचारलं, "मी पुढे होऊ?"

"हो. पण मागे वळून बघू नकोस. घड्याळही बघू नकोस."

सॅक पाठीवर घट्ट ओढली. तिच्यात बटाटे नव्हते, पण वजन तेवढंच होतं. नाक फळीच्या पुढे. पाय ठेवला, त्यावर गेले. पाय ठेवला, त्यावर गेले. तरुण मुलं-मुली काठ्या टेकत बाजूने टकाटक उतरून जात होती आणि जाताना हसून काहीतरी म्हणत होती. मी साइडला होत होते, पण आता ते साधं वाट देणं होतं. दोनदा दगड निसटला. एकदा मी बसले. दहा मिनिटं तशीच बसून राहिले, नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी. नवरा खालच्या वळणावर पाठ करून उभा होता. त्याने वळून बघितलं नाही. मी उठले.

हट जवळ आली, माणसांचे आवाज आले, कुणीतरी अंगणात चादरी झटकत होतं. तिथे माझा पाय आपोआप भरभर पडायला लागला. मला दादाचा फुंकलेला चहा आठवला. मी थांबले, श्वास घेतला आणि शेवटची वीस पावलं पहिल्या वीस पावलांसारखीच उतरले. दोन वाजून गेले होते. पाच तास, आणि वर थोडे.

बूट काढले. घोटा जरासा सुजला होता. साडेसहाला डाळीचं सूप आलं, लोणचं काढलं. हट चालवणारी बाई साठीची असेल, दोन्ही हातांत सहा बशा धरून फिरणारी. सगळ्यांना वाढून झाल्यावर तिने वही आणली. नवऱ्याने आमची नावं लिहिली. उद्या कुठे, या रकान्यात त्याच्यासमोर चौथी हट, माझ्यासमोर बस. बाईने फोन उचलला. संध्याकाळी ती वरच्या हटला दुसऱ्या दिवशीची माणसं कळवते. आमच्याकडे बघून तिने विचारलं, "उद्या किती?"

नवऱ्याने एक बोट वर केलं.

ती फोनवर बोलली, थांबली, कपाळाला आठ्या घातल्या. "वरचे म्हणतात, भारतातून दोन जण आहेत. बाईंचं वेगळं पत्र आलंय."

"नाही, काहीतरी चूक असेल," नवरा घाईघाईने म्हणाला. मला वाईट वाटू नये म्हणून घाई. "एकच. ही बसने जाणार आहे."

बाई फोन हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. खिडकीतून उद्याची खिंड दिसत होती, आजच्याहून उभ्या चढाची, वर बर्फाचा पट्टा. मान हलवली असती तर सगळं सुरळीत झालं असतं. बस सकाळी नऊला होती.

"दोन," मी म्हटलं.

बाईने फोनवर 'दोन' सांगितलं आणि बशा उचलायला गेली. नवरा माझ्याकडे बघत होता. "कधी लिहिलंस?"

"दादाकडून बटाटे आणले ना, त्यानंतरच्या सोमवारी."

त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. मग पुन्हा काढला. मी सूप पीत राहिले, नाहीतर आम्ही दोघं तिथेच रडत बसलो असतो आणि लोकांना वाटलं असतं सूप तिखट आहे. शेवटी त्याने वहीतली 'बस' खोडली, खिशातून आपला चुरगळलेला कागद काढला आणि टेबलावर सरळ केला. चौथा दिवस. चढ नऊशे मीटर, साडेचार तास. उतार आठशे मीटर, दोन तास. हा त्याचा एकट्याचा वेळ होता.

"चार कर," मी म्हटलं. "आणि शेवटी आणखी पंधरा मिनिटं धर. हट दिसायला लागली की मी अजून हळू उतरणार आहे."

त्याने पेन्सिलीने दोनाचे चार केले, आणि पुढे पंधरा मिनिटं लिहिली.